काचेत लावलेला फोटो

(सांगणाऱ्या फ्लोराबाई, अश्केलोन, इस्राएल. बोलल्या तसं उतरवून घेतलं आहे.)

बसा, तिकडं नको, त्या खुर्चीचा पाय मोडका हाय, हितं माझ्या डाव्या हाताला बसा म्हणजे तुमचं तोंड मला दिसेल, उजवा डोळा गेला माझा, तो कसा गेला तेच तर सांगायचंय. माझं नाव फ्लोरा. आमी मूळचे रेवदंड्याच्या बाजूचे, आजा तेलाचा घाणा चालवायचा, आमी यहुदी, शनिवारी घाणा बंद म्हणून गावात आमाला शनवार तेली बोलायचे. मंग बाप मुंबईला आला, माझगावला चाळीत खोली घेतली आणि गिरगावात एका फोटोवाल्याकडे रंग भरायच्या कामाला लागला. तवा फोटो काळापांढराच निघायचा, ज्याला रंगीत पायजे त्याच्या फोटोवर हातानं रंग चढवायचे, काडीला कापूस गुंडाळून, बारीक ब्रशानं, आधी गाल, मंग ओठ, मंग साडी, दागिने सगळ्यात शेवटी. रंग पातळ पायजे, खालचं माणूस दिसलं पायजे. मी शाळेतून आले की बापाच्या बाजूला बसायची आणि ओठाच्या कडेबाहेर जरा रंग गेला की ब्रशाचा दांडा सटकन बोटांवर, असा की नखाखाली रगत साकळायचं. मार मी तेवढी असल्यापासून ओळखते, काय सांगू तुमाला. मारून झाल्यावर बाप स्वतःच्या हातानं भाकरी मोडून द्यायचा आणि आई बोलायची, बघ किती माया करतो. आज मी त्याला माया बोलत नाय.

लगीन झालं इलायजाशी, तो गिरणीत होता, आणि आमी इस्राएलला आलो. विमानातून उतरलो ते थेट ओफाकिमला, वाळवंटात, चार चौकोनी घरं आणि धूळ, मी इलायजाला बोलले, अरे मेल्या, हाच का तुझा दुधामधाचा देश? तो गप. तो सगळ्या जन्मात गपच राहिला, त्याचं पण येईल पुढं. दोघं कापडाच्या कारखान्यात लागलो, मी छपाईवर, म्हणजे रंगानं काय मला सोडलं नाय. एकच पोर झाली, ओर्ना. शाळेत गेल्यापासून हिब्रूतच बोलायची, मी मराठीत विचारायची, ती हिब्रूत जबाब द्यायची, भांडण पण आमचं दोन भाषांत चालायचं आणि दोघींना सगळं समजायचं. आणि भांडखोर होती हां, कुणाचं ऐकून घेणार नाय, माझ्यावर गेली. ते मला आवडायचं. मंग नव्वद साल उलटल्यावर कारखाना बंद पडला, इलायजाच्या भावानं अश्केलोनला घर बघून दिलं आणि आमी हितं आलो.

हितं एक फोटोचं दुकान होतं, मालक जाको, मोरोक्कोचा, आवाज मोठा आणि मन लोण्याचं. मी त्याला बोलले, मला फोटोला रंग भरता येतो. तो हसला, बोलला आता रंग कॅमेराच भरतो बाई. पण झाडलोट, गिऱ्हाईक, पाकिटं भरणं ह्याला माणूस पायजे होतं म्हणून ठेवलं. मंग त्यानं कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यावर बसायला गालिना आणली. ती रशियातून नव्यानं आलेल्यांतली, तिकडं शाळेत चित्रकला शिकवायची. तिचं हिब्रू मोडकं, माझं गंजलेलं, तरी आमी दिवसभर बडबडायचो. तिनं मला माऊस धरायला शिकवलं. जो भाग पायजे त्याच्या कडेकडेनं फिरायचं, फिरून आलं की तुटक रेघ त्याच्या भोवती हलायला लागते, मुंग्यांची रांग चालल्यासारखी, आणि मंग कितीपण रंग ओता, रांगेच्या बाहेर एक थेंब जात नाय. अहो मी रडले. गालिना बोलली काय झालं, मी बोलले काय नाय, माझी बोटं दुखली. बाप असता तर त्याला मानगूट धरून त्या पडद्यासमोर बसवला असता, बघ म्हणून, न मारता पण रंग आत राहतो.

आता आमच्या दुकानाची एक पद्धत होती ती नीट ऐका, कारण सगळा घात तिनंच केला. जाको बोलायचा, माझ्या दुकानातून कोण पुटकुळी घेऊन बाहेर जाणार नाय. म्हणजे काय, आज काढलेले फोटो उद्या सकाळी गालिना एकेक करून उघडायची आणि तोंडं साफ करायची. पुटकुळ्या, डाग, डोळ्याखालचं काळं, दाढी करताना कापलेलं, सगळं. पासपोर्टचा असो, लग्नाचा असो, विचारायचं नाय, साफ करायचं आणि त्याच फोटोवर परत ठेवायचं, कारण कॉम्प्युटरमध्ये जागा थोडी, दोन दोन फोटो ठेवायला कुठं मिळायची. नवा कॅमेरा आला तो बिनफिल्मचा, म्हणजे निगेटिव्हपण नाय. साफ केलं की आधीचं गेलं. मीपण करायची गालिना नसली तर, माझा हात एवढा बसला होता की बाजारात समोरून बाई आली तरी मला वाटायचं हिच्या हनुवटीवरचं काढावं.

ओर्नाचं लगीन रोनीशी झालं. परका नाय, आपलाच, ओफाकिमचा, त्याची आई माझ्याबरोबर कारखान्यात होती. मेंदी झाली, एलिया हन्नाबी संदेष्ट्याच्या नावानं मलिदा झाला, सगळं आपल्या रीतीनं. गाड्यांच्या गॅरेजमध्ये कामाला होता, दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. त्यांचा लग्नाचा फोटो जाकोनं मोठा करून दुकानाच्या काचेत लावला, येणारे जाणारे थांबून बघायचे आणि मी आतून बघायची बघणाऱ्यांना. पोर झाली, नोआ. आणि त्याच्यानंतर ओर्ना उन्हाळ्यात लांब बाह्यांचं घालायला लागली. मी आई हाय, आंधळी नाय. बाही वर केली तर दंडावर बोटं उमटलेली. बोलली, दार लागलं. मी बोलले, दाराला पाच बोटं कवापासून आली? तर माझ्यावरच ओरडली, तुझं काय जातंय, माझं घर मी बघेन. मंग हळूहळू बोलायला लागली. केस धरून ओढायचा. पोटात मारायचा, तितं दिसत नाय म्हणून. एकदा इस्त्री गरम करून तिच्या तोंडाजवळ धरून उभा राहिला, नुसता धरून, नोआच्या समोर.

इलायजाला सांगितलं तर तो बोलला, नवराबायकोचं हाय, आपण मधी पडू नये, पोरगी पण जरा तोंडाळ हाय. मी हातातली थाळी फेकली त्याच्यावर, भातासकट. मंग मीच तिला घेऊन मिश्तारात गेले, पोलिसात. तितला पोरगेलासा पोलीस बोलला, मार कुठं हाय दाखवा. तवा सगळं भरून आलं होतं, कातडी गोरी स्वच्छ. बोलला, खूण नाय तर मी काय लिहू, पुढल्या वेळी फोटो काढून आणा. पुढल्या वेळी, बघा.

पुढली वेळ आली. दुकानात होते मी, दुपार होती, दार उघडलं आणि ओर्ना आत आली, नोआला कडेवर घेऊन, पायात घरातल्या चपला, आणि तोंड, काय सांगू, माझ्या पोरीचं तोंडच नव्हतं ते. डावा डोळा बंद झालेला, वांग्यासारखा टम्म, आणि गळ्यावर एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला आंगठा. फ्रिजच्या दारावर डोकं आपटलं होतं तिचं, सूप आळणी झालं म्हणून, मीठ कमी म्हणून. गालिना त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, जाको लग्नाच्या ऑर्डरवर. मी एकटी. माझ्या डोक्यात तो पोलीस बसला होता, पुढल्या वेळी फोटो. मी पोरीला पाणी पण दिलं नाय हो आधी. स्टुलावर बसवलं, मागं पांढरा पडदा सोडला आणि फोटो काढले, समोरून, बाजूनं, मान वर करून. ती मुकाट बसली होती, मी बोलले हनुवटी वर, ती वर करायची. नोआ माझ्या झग्याला धरून उभी होती. मंग मी दुकानाला कुलूप घातलं आणि दोघींना घरी आणलं.

डॉक्टरकडे चल बोलले तर नाय बोलली, दवाखान्यात रोनीची मावशी नाव लिहायच्या खिडकीत बसते, सगळ्या गावाला कळेल. पोलिसात चल, तर तेपण नाय, आधी बरं वाटू दे. आणि दोन दिवसांनी तो आला, फुलं घेऊन, रडत, इलायजाच्या पायाशी बसला, आणि इलायजानं, ह्या माझ्या नवऱ्यानं, पोरीला बोलवून सांगितलं, जा, पश्चात्ताप झालाय त्याला. गेली ती. मी दारात आडवी उभी राहिले तर मला हातानं बाजूला करून गेली. मी परत दुकानात गेले तवा गालिनानं मला पाकीट दिलं, तुझ्या मुलीचे फोटो, छापून ठेवलेत. मी ते तसंच कपाटात चादरींच्या खाली ठेवलं. उघडलं नाय. ते तोंड परत बघायची माझ्यात ताकद नव्हती.

मंग सणाच्या आधी त्यानं तिला सांगितलं, तू परत तुझ्या आईकडे गेलीस तर तुला गाडीखाली घालीन आणि ब्रेक फेल झाला सांगेन, गॅरेजवाला हाय मी, मला कोण विचारणार. आणि ते तो ओरडून बोलला नाय, जेवता जेवता बोलला. तवा मात्र ओर्ना घाबरली. पहिल्यांदा स्वतःहून बोलली, आई, तो मारून टाकेल मला. वकीलबाई केली, कोर्टात अर्ज केला की ह्याला घराच्या जवळ येऊ देऊ नका. वकीलबाई बोलली पुरावा काय हाय, मी बोलले हाय, माझ्या हातानं काढलेला हाय, आणि पाकीट तिच्या हातात दिलं, ते पण कोर्टाच्या दारात, कारण मला वाटलं घरी दिलं आणि हरवलं तर. तिनं घाईत तसंच आत नेलं.

न्यायाधीशानं पाकीट उघडलं. एक फोटो बघितला, दुसरा बघितला, मंग चष्मा काढून आमच्याकडे बघितलं. बोलला, हे काय हाय? फोटो टेबलावर ठेवले आणि मी लांबून बघितलं. ओर्ना. दोन्ही डोळे उघडे, गाल मऊ, गळा असा की हार घालावा. फक्त ती हसत नव्हती, बाकी नवरीचा फोटो. रोनीचा वकील उठून बोलला, बघा, आईच्याच दुकानात आईनंच काढलेला फोटो, कुठं हाय मार? मी ओरडले, साफ केलाय, आमच्याकडे सगळ्यांचे साफ करतात! कोर्टातली माणसं हसली. न्यायाधीश बोलला, बाई, खाली बसा. अर्ज नामंजूर. रोनी दात काढत होता, बाहेर आल्यावर माझ्या कानाशी येऊन बोलला, सासूबाई, फोटो छान काढता तुमी.

मी तिथून चालत दुकानात गेले. गालिना खुर्चीवर होती, माझं तोंड बघून उठली, मी तिच्या कानफटात ठेवून दिली, चष्मा उडाला तिचा. आणि दुसरी. आणि तिसरी मारायच्या आधी तीच बोलली, फ्लोरा, मी काय केलं? मी सांगितलं काय केलंस ते. ती खाली बसली, जमिनीवरच. बोलली, सकाळी आले, रोजच्यासारखे सगळे उघडले, तिचा दिसला, मला वाटलं पोरगी कुठं पडली असेल, नोकरीसाठी फोटो काढला असेल, मी तुला विचारणार होते, मंग वाटलं नको, आईला कशाला ते परत दाखवायचं, मी मन लावून केलं फ्लोरा, दोन तास लागले मला. दोन तास बसून तिनं माझ्या पोरीचं सगळं दुखणं पुसलं होतं, एवढं मन लावून. आता अशा बाईला मारू का मिठी मारू? मी दोन्ही केलं.

मंग ती बोलली, मी काढलं ते मी परत घालते. मी बोलले कोर्टात नाय चालणार, साफ फोटो त्यांच्याकडे राहिलाय. ती बोलली तरी पण. आणि माझ्या डोक्यात तवा काय तरी पेटलं. ओर्ना तवा आमच्या घरी होती, दाराला आतून कपाट लावून, आणि रोनी समोरच्या फुटपाथवर गाडीत बसून सिगारेटी ओढायचा, कोर्टानं सोडलेला माणूस, त्याला कोण उठवणार. मी बोलले कोर्टासाठी नाय. काचेत लावायचा.

दुपारी दुकान बंद असतं तवा दोघी बसलो. माऊस मी घेतला. पोरीचा डोळा निवडला, कडेकडेनं फिरून, मुंग्या चालायला लागल्या. आधी तांबडा, त्याच्यावर जांभळा, मधी जवळ जवळ काळा. कड पातळ केली, नायतर कागद चिकटवल्यासारखा दिसतो, खालची कातडी दिसली पायजे. सूज रंगानं येत नाय, गालिनानं डोळ्याखालचा भाग ओढून फुगवला आणि उठून बाहेर गेली, तिला बघवेना. मी गळ्यावर आले. बोटं कुठं होती ते आठवायला मी माझाच गळा धरला एका हातानं, पण त्याचा पंजा मोठा, म्हणून अंतर वाढवलं. एक बोट निवडायचं, रंग भरायचा, दुसरं बोट. मंग ओठ फाडला. बाप मला शिकवायचा गाल गुलाबी कसा करायचा, आणि मी माझ्या पोरीला परत मारत होते, एक एक फटका मोजून, जागेवर. आणि सगळ्यात वाईट सांगू? झाल्यावर मी मागं सरकून बघितलं आणि मनात आलं, चांगलं झालंय. काम म्हणून हो. चांगलं झालंय.

ओर्नाला विचारलं का? नाय विचारलं. विचारलं असतं तर नको बोलली असती.

शुक्रवारी सकाळी फोटो काचेत लावला, लग्नाच्या फोटोच्या बाजूला, तेवढाच मोठा. नवरी आणि ही. खाली काय लिहिलं नाय. आमच्या गल्लीत बेकरी हाय, भाजीवाला हाय, शुक्रवारी शाब्बाथच्या, आमच्या शनिवारच्या सुट्टीच्या, आधी मरणाची गर्दी. माणसं थांबायला लागली. कोण तोंडावर हात ठेवायचं, कोण बोलायचं ही फ्लोराची पोरगी ना, आणि नवरीच्या शेजारी उभा तो कोण. जाको आला, बघून भडकला, बोलला काढ ते, माझी गिऱ्हाइकं पळतील, वेडी झालीस का! मी बोलले काढायचं तर मला आधी काढ. तो काचेसमोर उभा राहिला, बराच वेळ. मंग बेकरीत जाऊन बसला कॉफी घेऊन, आणि फोटो तसाच राहिला.

दुपारच्या आत रोनीला कळलं. आला तो चाकं खोलायचा लोखंडी पाना घेऊन आला. पहिल्याच फटक्यात काच खाली, सगळी, माझ्या केसांत, पायात काच. बायका किंचाळल्या. मी आत तिपाई धरून उभीच होते, कॅमेऱ्याची, जड असते ती, मी ठरवलंच होतं. तो काच तुडवत आत आला तशी मी दिली त्याच्या गुडघ्यावर, काड्कन, जन्मभराचा जोर काढून, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाकला तो. मंग सरळ झाला आणि पाना फिरवला. हितं बसला, ह्या डोळ्यावर. मी पडले, तोंडात दात आणि रगत, त्यानं परत बरगडीत लाथ घातली, मला ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. गालिना त्याच्या पाठीवर चढली होती मांजरासारखी, तिला त्यानं झाडून टाकलं. आणि मंग त्यानं तो फोटो खेचून काढला, बाहेर नेला रस्त्यावर, सगळ्यांच्या समोर नाचवला आणि ओरडायला लागला, बेंबीच्या देठापासून, हिब्रूत, खोटं हाय हे, म्हातारीनं रंगवलंय, ओठाला मी हात पण लावला नव्हता! डोळ्यावर मारलं मी, डोळ्यावर आणि गळ्यावर, ओठ कुठून आणला हिनं!

भाजीवाल्याच्या हातात तराजू तसाच. ओठ खरंच फाटला होता का, ते मला आजपण ठाव नाय, मला आठवत होतं तसं मी केलं. पण त्याला बरोबर ठाव होतं त्यानं कुठं मारलं ते. तितं एवढी माणसं होती, जाको, बेकरीवाली, भाजीवाला, सगळ्यांनी ऐकलं, आणि भाजीवाल्यानं आणि दुसऱ्या दोघांनी त्याला खाली पाडला आणि पोलीस येईस्तोवर त्याच्यावर बसून राहिले.

इस्पितळात पोलीसबाई आली माझ्या तोंडाचे फोटो काढायला. मी तिला बोलले, पोरी, साफ करू नको हां, आहे तसं ठेव. डोळा वाचला नाय. संध्याकाळी ओर्ना आली. मला वाटलं गळ्यात पडेल. पलंगाच्या पायाशी उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी सगळं मराठीत बोलली, एकेक शब्द शोधत, म्हणजे मला नीट लागावं. बोलली, आई, त्यानं मला घरात मारलं, कोणी बघितलं नाय. तू मला रस्त्यात मारलंस, सगळ्यांनी बघितलं. मी बोलले, बाय, तू जिवंत हायस. ती बोलली, मला विचारलंस? आणि गेली.

केस चालली. माझ्या मारहाणीची चालली, पण त्यात सगळं निघालं, गल्लीतल्या लोकांनी त्याचं ओरडणं जसंच्या तसं सांगितलं, ओर्नाच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण जी दोन वर्षं बहिरी होती तिला पण ऐकायला यायला लागलं. रोनीचा वकील मला बोलला, फोटो तुमी रंगवलात की नाय? मी बोलले हो, मी रंगवला, ह्या हातानं, कारण खरा होता तो तुमाला गोरा गोमटा मिळाला तवा तुमी हसलात. ह्या वेळी कोण हसलं नाय. तुरुंगात गेला तो, आत असतानाच रब्बींनी, आमच्या धर्मगुरूंनी, त्याच्याकडून घटस्फोट काढून घेतला, सुटल्यावर दक्षिणेला यायची बंदी. इलायजा काय बोलला विचारता? काय नाय बोलला. दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन दुकानासमोर गेला आणि सगळी काच भरली, फटीफटीतली, जाको नको बोलला तरी. तो काय आतल्या खोलीत बसलाय, ऐकतोय सगळं, ऐकू दे.

ओर्ना नोआला घेऊन लांब वाळवंटात मित्स्पे रामोनला गेली, जितं तिला कोण ओळखत नाय. हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळते. हितं येत नाय. एवढे सायरन वाजले, रॉकेटं पडली, मी बोलले ये एकदा भेटून जा, कोण कवा जाईल, नाय आली. जाकोनं दुकान विकलं, गालिना तेवढी येते दर मंगळवारी, माझी नखं कापते, एका डोळ्यानं मला जमत नाय.

पण फोन करते हां ओर्ना, शुक्रवारी, शाब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी. आधी नोआ बोलते, मोठी झाली, हिब्रूतच बोलते, मला सावता बोलते, आजी. मंग ओर्ना घेते. औषध घेतलंस का, इतकं विचारते, आणि मंग कशावरून तरी सुरू होते, तू अशीच, तू कुणाला कधी विचारलंस, तू माझं तोंड बाजारात टांगलंस, ते सगळं पहिल्यापासून. मी फोन टेबलावर ठेवते, आवाज मोठा करते आणि खुर्ची जवळ ओढते. गालिना बोलते, बंद कर ना, कशाला ऐकतेस, तुला त्रास होतो. मी बोलते, गप गं. मेलेली माणसं भांडत नाय. माझी पोर एकशेवीस वर्षं जगो आणि दर शुक्रवारी मला अशीच शिव्या घालो, आमेन.